व्हीएमची बेरीज ४२ जीबी, मग ६४ जीबीचा प्रॉक्समॉक्स होस्ट भरतो कसा?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो. ६४ जीबी रॅमचा एक सर्व्हर (म्हणजे होस्ट), त्यावर प्रॉक्समॉक्स, म्हणजे एका मशीनवर अनेक आभासी मशीन (व्हीएम) चालवणारी प्रणाली, ४ टीबीच्या दोन डिस्कचा झेडएफएस या फाईल सिस्टीमवरचा मिरर (दोन्ही डिस्कवर तोच डेटा) आणि पाच व्हीएम. टॅली आणि एसक्यूएल सर्व्हरवालं विंडोज १६ जीबी, दुसरं विंडोज ८, उबंटूवरचं ईआरपी १२, मेल ४, फायरवॉल २. बेरीज ४२. तरी पॅनलवर मेमरी ९४ टक्के. दोन व्हीएम बंद करून बघितली तर आकडा थोडा उतरला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत होता तिथेच. वर गेल्या पंधरवड्यात दोनदा रात्री बॅकअप चालू असताना तेच १६ जीबीचं विंडोज आपोआप बंद पडलं. व्हेंडर म्हणतोय अजून ६४ जीबी टाका, आणि तुम्ही विचारताय की टाकू का.

एवढ्यात टाकू नका. आधी असलेली ६४ जीबी कुणाच्या खात्यात गेलीये ते बघू, कारण बेरीज ४२ आणि वापर ५८ असेल तर मधले १६ कुठेतरी नक्की आहेत, ते हवेत विरत नाहीत. मी गेली बरीच वर्षं हेच काम करतोय आणि मला दिसलेल्या दहातल्या सात-आठ केसमध्ये रॅम कमी नव्हती, हिशोबच कुणी लावला नव्हता. लोक पॅनलवरचा एक टक्का बघतात, घाबरतात, रीबूट मारतात, दोन दिवस बरं वाटतं आणि परत तेच. रीबूटने पुरावाही जातो, म्हणून हे सगळं होईपर्यंत होस्ट रीबूट करू नका एवढी विनंती.

तुम्ही फ्री कमांडचं आउटपुट दिलंय ते नीट बघा. टोटल ६२, यूज्ड ५८, फ्री २, बफ-कॅश १, अव्हेलेबल ३. साध्या लिनक्स मशीनवर बफ-कॅशचा आकडा मोठा असतो, कारण रिकामी रॅम लिनक्स फाईल कॅशला वापरतो आणि लागली की सोडून देतो, म्हणून तिथे फ्री कमी दिसलं तरी काळजी नसते, अव्हेलेबल बघायचं असतं. तुमच्याकडे बफ-कॅश जेमतेम १ आहे. टीबी-टीबीच्या डिस्क वाचणाऱ्या मशीनवर कॅश फक्त १ जीबी? मला इथेच शंका आली. कॅश आहे, भरपूर आहे, फक्त ती या रकान्यात दिसत नाही. झेडएफएसची कॅश वेगळी असते, तिला एआरसी म्हणतात, आणि लिनक्सच्या हिशोबात ती बफ-कॅशमध्ये धरली जात नाही, सरळ यूज्डमध्ये जाते. अव्हेलेबलचा अंदाज काढतानाही कर्नल (लिनक्सचा गाभा) ती मोकळी होण्यासारखी धरत नाही.

आता आधी व्हीएम किती खातायत ते मोजा. प्रॉक्समॉक्सवर प्रत्येक व्हीएम म्हणजे केव्हीएम नावाची एक प्रोसेस. पीएस कमांडने त्या पाचही प्रोसेसची आरएसएस (प्रोसेसने प्रत्यक्ष धरून ठेवलेली रॅम) काढा आणि बेरीज करा. व्हीएमला १२ जीबी दिली म्हणजे होस्टने लगेच १२ बाजूला काढून ठेवली असं नसतं, गेस्ट (व्हीएमच्या आतली सिस्टीम) ज्या पानाला, म्हणजे मेमरीच्या छोट्या तुकड्याला, हात लावतो तेवढंच पान होस्टवर खरंखुरं मिळतं. पण एकदा हात लावला की गेस्टने आतून ते मोकळं केलं तरी होस्टला ते कळत नाही, ते पान त्या प्रोसेसच्या नावावरच राहतं. म्हणून उबंटूच्या आत ४ जीबी वापर दिसतो आणि होस्टवर त्याच व्हीएमची आरएसएस ११ असते, आणि दोन्ही आकडे खरे असतात. विंडोजचं तर असं की ते बूट होतानाच मोकळी पानं शून्याने पुसून ठेवतं, म्हणजे जवळजवळ सगळ्या रॅमला हात लागतो, त्यामुळे १६ दिलं तर १६ गेलं असंच धरून चाला.

माझा अंदाज, तुमची बेरीज ३५-३६ जीबीच्या आसपास येईल, कारण ईआरपी, मेल आणि फायरवॉल अजून पूर्ण भरलेली नसणार. त्यात होस्टच्या स्वतःच्या सेवा आणि कर्नलचे २-३ जीबी धरा. झाले ३८-३९. यूज्ड ५८ आहे. राहिले १९-२०. आता एआरसी समरी कमांड चालवा, तिच्या वरच्याच भागात एआरसीची सध्याची साइझ आणि मॅक्स साइझ दिसेल. साइझ २० च्या जवळ आणि मॅक्स ३१ च्या आसपास दिसली तर चोर सापडला. तसं म्हणू पण नये खरं तर, ती बिचारी तिचं काम करतेय, तिला किती जागा घ्यायची ते कुणी सांगितलंच नाही.

मॅक्स ३१ का? लिनक्सवर झेडएफएसचा वर्षानुवर्षांचा डिफॉल्ट म्हणजे रॅमच्या निम्मी एआरसी. प्रॉक्समॉक्सने ८.१ पासून, म्हणजे नोव्हेंबर २०२३ पासून, इन्स्टॉलरमध्ये हे बदललं आणि रॅमच्या १० टक्के, जास्तीत जास्त १६ जीबी अशी मर्यादा घालायला सुरुवात केली. पण ती नव्याने इन्स्टॉल करणाऱ्यांना. तुम्ही लिहिलंय की ७ टाकलं होतं आणि मग ८ वर अपग्रेड केलं. अपग्रेडमध्ये ही मर्यादा येत नाही, जुनाच निम्म्याचा डिफॉल्ट चालू राहतो. आता बेरीज करा: गेस्ट ४२, एआरसी ३१ पर्यंत, होस्ट ३. झाले ७६, आणि हातात ६२. हा सर्व्हर पहिल्या दिवसापासूनच दिवाळखोरीत होता, फक्त सगळ्यांनी एकाच वेळी पैसे मागितले नव्हते एवढंच.

दोन व्हीएम बंद केल्यावर उतरलेला आकडा सकाळी परत का चढला तेही यातूनच कळतं. व्हीएम बंद झालं, १०-१२ जीबी मोकळी झाली, रात्री बॅकअपने सगळ्या डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या आणि एआरसीने ती मोकळी जागा भरून टाकली. तिच्या ३१ च्या हद्दीतच होती ती.

(जाता जाता, एआरसी ही कल्पना २००३ मधली, आयबीएमच्या अल्माडेन प्रयोगशाळेतली. निमरॉद मेगिद्दो आणि धर्मेंद्र मोधा या दोघांची, आणि मोधा आपल्या पवईच्या आयआयटीतून शिकलेले. नुकतं वापरलेलं आणि वारंवार वापरलेलं अशा दोन याद्या ठेवायच्या आणि कामाप्रमाणे दोघींची जागा आपोआप कमी-जास्त करत राहायची, इतकी सुंदर गोष्ट आहे ती. एकदाच वाचलेला बॅकअपचा डेटा म्हणून तर वारंवार लागणाऱ्या डेटाला पूर्ण हुसकावून लावत नाही. पण याद्यांची एकूण जागा किती, हे ठरवणं तिचं काम नाही, ते आपलं.)

मग प्रश्न येतो की मेमरी लागली की एआरसी सोडते ना? सोडते. पण लिनक्सची स्वतःची पेज कॅश जितक्या झटक्यात सोडते तितक्या झटक्यात नाही. बॅकअप चालू आहे, एआरसी फुगतेय, त्याच वेळी ईआरपीने किंवा मेलने अचानक दोन-तीन जीबी मागितली, होस्टवर अव्हेलेबल आधीच ३, तर कर्नलला वाट बघायला वेळ नसतो. तो ओओएम किलर सोडतो, म्हणजे मेमरी संपली की एखादी प्रोसेस मारणारी यंत्रणा. आणि ओओएम किलर दोषी कोण ते बघत नाही, मुख्यतः कुणाला मारलं तर सगळ्यात जास्त मेमरी सुटेल ते बघतो. तुमच्याकडे सगळ्यात मोठी प्रोसेस कुठली? १६ जीबीचं विंडोज. दरवेळी तेच का पडतं याचं उत्तर हे आहे, त्या विंडोजमध्ये काहीही बिघाड नाही, ते उगाच परत इन्स्टॉल वगैरे करत बसू नका.

अंदाजावर जाऊ नका, लॉगमध्ये बघा. जर्नलसीटीएल या लॉग दाखवणाऱ्या कमांडला कर्नलचे मेसेज मागा आणि त्या रात्रीची वेळ लावा. ‘आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस’ अशी ओळ शोधायची, पुढे कंसात केव्हीएम असेल, आणि त्याच ओळीत अ‍ॅनॉन-आरएसएस असा शब्द येतो. तिथे १६९०४४३२ केबी असं काही दिसलं तर ते १६ जीबीच्या वर आहे, म्हणजे तेच विंडोज. त्या ओळीच्या वर कर्नल पूर्ण मेमरीचा तक्ता आणि प्रोसेसची यादी छापतो, ती पण कॉपी करून ठेवा. त्या यादीतल्या सगळ्यांची बेरीज केली आणि ती ६२ च्या खूप खाली आली तर उरलेली मेमरी कुठल्याच प्रोसेसकडे नव्हती, कर्नलच्या आत होती, आणि झेडएफएसच्या मशीनवर त्याचा अर्थ बहुतेक वेळा एआरसी. विंडोजच्या आत इव्हेंट व्ह्यूअरमध्ये त्या वेळेला ४१ आणि ६००८ नंबरचे इव्हेंट सापडतील, म्हणजे अचानक वीज गेल्यासारखं बंद झालं. आतून शटडाऊन झालेलं नाही याची ती खूण. आणि होस्टच्या लॉगमध्ये ओओएमची ओळ सापडलीच नाही तर मात्र थांबा, मग माझं निदान चुकलेलं आहे आणि आपल्याला वेगळीकडे बघावं लागेल.

सापडली तर उपाय दोन मिनिटांचा आहे. एआरसीला किती द्यायची? प्रॉक्समॉक्सवाले स्वतः ढोबळ हिशोब सांगतात, २ जीबी मूळ आणि पूलमधल्या (झेडएफएसच्या एकत्र साठ्यातल्या) दर टीबीला १ जीबी. तुमचा मिरर वापरायला ४ टीबी, म्हणजे ६ जीबी. बाइटमध्ये ६४४२४५०९४४. हा आकडा /सिस/मॉड्यूल/झेडएफएस/पॅरामीटर्स/ या फोल्डरमधल्या झेडएफएस_एआरसी_मॅक्स फाईलमध्ये इकोने लिहा, लगेच लागू होतो, रीबूट लागत नाही. पण तेवढ्यावर सोडलं तर पुढच्या रीबूटला पुसलं जाईल, म्हणून मॉडप्रोब डॉट डी फोल्डरमधल्या झेडएफएस डॉट कॉन्फ फाईलमध्ये पण ‘ऑप्शन्स झेडएफएस’ या शब्दांनी सुरू होणारी ओळ टाका (पुढे झेडएफएस_एआरसी_मॅक्स= आणि हाच आकडा), आणि तुमचं रूट झेडएफएसवरच आहे म्हणून अपडेट-इनिटरामएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारी फाईल नव्याने बनवणारी कमांड) सगळ्या कर्नलसाठी चालवा. ही शेवटची पायरी लोक हमखास विसरतात आणि सहा महिन्यांनी रीबूट होतो तेव्हा एआरसी परत ३१ वर. अजून एक बारीक गोष्ट: मॅक्सचा आकडा मिनपेक्षा कमी किंवा तेवढाच असला तर तो चक्क दुर्लक्षित होतो, काही एरर पण येत नाही. मिन डिफॉल्टला रॅमच्या बत्तिसाव्या भागाइतकी असते, तुमच्याकडे साधारण २ जीबी, म्हणून ६ ला अडचण नाही, पण कुणी मोठ्या रॅमच्या मशीनवर एकदम छोटा मॅक्स टाकत असेल तर मिन पण खाली आणावी लागेल.

आकडा लिहिल्यावर एआरसी एका सेकंदात ६ वर येईल असं नाही, हळूहळू उतरेल. घाई असेल तर ड्रॉप-कॅशेसमध्ये ३ लिहून एकदा रिकामी करता येते. एकदा. हे क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या सोयीत) दर तासाला टाकणारे मी पाहिलेत आणि कृपा करून ते करू नका, प्रत्येक तासाला सगळी कॅश फेकून देऊन परत डिस्कवरून वाचायला लावताय तुम्ही, आणि मूळ मर्यादा न घातल्याने मधल्या वेळात ओओएम व्हायचा तो होतोच.

एआरसी कमी केल्यावर डिस्क जास्त वाचली जाईल हे खरंय. एसएसडी असेल तर ऑफिसमध्ये कुणाला कळणारही नाही. फिरत्या डिस्क असतील तर सकाळी साडेनऊला सगळे एकदम टॅली उघडतात तेव्हा थोडं जाणवू शकेल, तेव्हा एआरसी समरीत हिट रेट (किती वाचन कॅशमधूनच भागलं) बघा, आठवडाभर बघा, फार पडला असेल तर ६ चे ८ करा. जागा आहे तेवढी: ४२ अधिक ८ अधिक होस्टचे ३, आणि प्रत्येक व्हीएमच्या मागे क्यूएमूचा (व्हीएम चालवणाऱ्या प्रोग्रामचा) स्वतःचा काही शे एमबी वरखर्च असतो, पाचांचे मिळून दीडेक जीबी धरा, तरी साडेचोपन्न होतात.

बलूनिंगबद्दल तुम्ही विचारलंय की चालू आहे तरी काम का करत नाही. बलून म्हणजे गेस्टच्या आत एक ड्रायव्हर असतो, तो आतून मेमरी अडवून धरतो आणि तेवढी होस्टला परत देतो. प्रॉक्समॉक्स हे आपोआप करायला लागतं ते होस्टचा वापर साधारण ८० टक्क्यांच्या वर गेल्यावर, आणि व्हीएमच्या सेटिंगमधली मिनिमम मेमरी ही मेमरीपेक्षा कमी दिली असेल तरच. तुमच्याकडे दोन्ही खान्यांत १६ आणि १६ आहे, म्हणजे काढायला जागाच ठेवलेली नाही. विंडोजमध्ये व्हर्टआयओचा बलून ड्रायव्हर आणि त्याची सर्व्हिस पण लागते, नसेल तर पॅनलला आतला खरा वापर कळतच नाही आणि तो पूर्णच भरलेला दाखवतो. पण माझं मत विचाराल तर डेटाबेसच्या व्हीएमवर बलूनिंग लावूच नये. एसक्यूएल सर्व्हरने मेमरीत डेटा धरून ठेवलाय आणि बाहेरून कुणीतरी ती ओढून घेतंय, याने दोघांचंही नुकसान. त्यापेक्षा एसक्यूएल सर्व्हरची मॅक्स सर्व्हर मेमरी सेट करा. तिचा डिफॉल्ट आहे २१४७४८३६४७ एमबी, म्हणजे मर्यादाच नाही. १६ च्या व्हीएममध्ये त्याला १० द्या, बाकी विंडोज आणि टॅलीला राहू दे. महिनाभर बघा, ८ मध्ये भागत असेल तर व्हीएमच १२ चं करा. आणि एखाद्या व्हीएमला ग्राफिक्स कार्ड किंवा दुसरं काही पासथ्रू केलं असेल तर बलून विसरा, त्या व्हीएमची सगळी मेमरी होस्टवर खिळून ठेवावी लागते, कारण ते कार्ड थेट तिच्यात लिहितं.

केएसएम, म्हणजे सारखी पानं एकत्र करणं, तुमच्याकडे दोन विंडोज आहेत म्हणून थोडं वाचवेल, मोकळी मेमरी २० टक्क्यांखाली गेली की ते सुरू होतं. वेगवेगळ्या ग्राहकांची व्हीएम एकाच होस्टवर असतील तर सुरक्षेच्या कारणाने मी ते बंद ठेवतो. एकाच ऑफिसचं असेल तर राहू दे, पण त्याच्या भरवशावर मेमरी वाटू नका.

स्वॅप, म्हणजे रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा, तुमच्याकडे शून्य आहे. झेडएफएसवर प्रॉक्समॉक्स टाकलं की इन्स्टॉलर स्वॅप बनवत नाही, आणि झेडव्हॉलवर (झेडएफएसमधल्या आभासी डिस्कवर) स्वॅप बनवायच्या फंदात पडू नका, मेमरी संपत आली की स्वॅपला लिहायला झेडएफएसलाच मेमरी लागते आणि मशीन अडकतं. वेगळ्या छोट्या एसएसडीवर ८ जीबी स्वॅप आणि स्वॅपिनेस (स्वॅपकडे किती ओढा ठेवायचा तो आकडा) १० ठेवली तर चांगली उशी होते.

आता एआरसी नसली तर काय, हे पण सांगतो, कारण वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या तरी होस्टवर झेडएफएस नसेलच. मागे चाकणच्या एका कारखान्यात असंच यूज्ड वाढत होतं, दर रात्री ३-४ जीबीने, आणि दिवसा उतरत नव्हतं. व्हीएमची बेरीज ठीक, झेडएफएस नाही, टॉपमध्ये कुठलीच प्रोसेस मोठी नाही. शेवटी मेमइन्फो फाईल (कर्नलने दिलेला मेमरीचा तपशील) एकेक ओळ वाचली, त्यात एसएच-मेम २३ जीबी. एसएच-मेम म्हणजे शेअर्ड मेमरी, आणि त्यातच टीएमपीएफएस, म्हणजे रॅममध्येच फाईल ठेवणारी फाईल सिस्टीम, येतं. डीएफ चालवलं तर टीएमपी फोल्डर टीएमपीएफएसवर. त्यांनी आठवड्यापूर्वी प्रॉक्समॉक्स ९ वर अपग्रेड केलं होतं, ते डेबियन १३ वर आहे, दोन्ही ऑगस्ट २०२५ ची, आणि डेबियन १३ मध्ये टीएमपी डिफॉल्टनेच रॅममध्ये असतं, निम्म्या रॅमपर्यंत वाढू शकतं. त्यांची एक जुनी स्क्रिप्ट रोज रात्री डेटाबेसचा डंप टीएमपीमध्ये टाकून मग एनएएसवर कॉपी करायची आणि मूळ फाईल तिथेच राहायची. आधी डिस्कवर राहायची, कुणाला कळलं नव्हतं. सात फाईल पुसल्या, २३ जीबी परत. एका ओळीने ती जागा बदलली आणि विषय संपला. त्यांनी तोवर रॅमची ऑर्डर दिलेली होती.

म्हणून मेमइन्फो पूर्ण वाचायची सवय लावा. ह्यूजपेजेस टोटल शून्य नसेल तर तेवढी मेमरी कुणी वापरो न वापरो राखून ठेवलेली असते. एसअनरिक्लेम (कर्नलने स्वतःकडे धरलेली, सहज न सुटणारी मेमरी) काही जीबीत असेल तर स्लॅबटॉप चालवून कर्नलचा कुठला भाग फुगलाय ते बघा. सेफ (अनेक सर्व्हरवर पसरलेलं स्टोरेज) चालवत असाल तर प्रत्येक ओएसडीला, म्हणजे दर डिस्कमागच्या त्याच्या प्रोसेसला, डिफॉल्ट लक्ष्यच ४ जीबीचं असतं, चार डिस्क म्हणजे १६ गेली. आणि एखाद्या केव्हीएम प्रोसेसची आरएसएस तिला दिलेल्या मेमरीपेक्षा दोन-चार जीबीने जास्त आणि रोज वाढती दिसली तर क्यूएमूमध्ये गळती असू शकते, पॅकेज अपडेट करून ते व्हीएम पूर्ण बंद करून परत चालू करा. आतून रीस्टार्ट करून उपयोग नाही, प्रोसेस तीच राहते.

तुमच्यासाठी आज रात्रीचं काम एवढंच: एआरसी ६ वर आणा आणि बॅकअप सुरू व्हायच्या आधी एक छोटी स्क्रिप्ट लावा, जी दर मिनिटाला वेळ, अव्हेलेबल, एआरसीची साइझ आणि /प्रॉक/प्रेशर/मेमरी (मेमरीसाठी प्रोसेस किती अडतायत ते सांगणारी फाईल) यातली पहिली ओळ एका फाईलमध्ये लिहील. फाईल रूटच्या होममध्ये ठेवा, टीएमपीमध्ये नको. सकाळी बघा. एआरसी ६ ला टेकून राहिली, अव्हेलेबल ८-१० च्या खाली गेलं नाही आणि प्रेशरचे आकडे शून्याच्या आसपास असले तर व्हेंडरला नको म्हणून कळवा. एआरसी ६ वर असूनही अव्हेलेबल २-३ वर आलं तर पाचही प्रोसेसची आरएसएस, पूर्ण मेमइन्फो आणि ती फाईल मला पाठवा, रॅम घ्यायची की नाही ते त्या आकड्यांवरून ठरवू.